भिंतीवरचा वारली आणि पाड्यावरचा वारली

मराठी साहित्यातली मुंबई कुणाची, हा प्रश्न दलित साहित्याने प्रस्थापितांना विचारला. १९६९ साली बाबूराव बागूलांच्या 'मरण स्वस्त होत आहे'ने झोपडपट्टी आणि १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने कामाठीपुरा पांढरपेशा वाचकापुढे आणून उभा केला. ही पुस्तके मी वर्गात अभिमानाने शिकवतो. गेल्या वर्षी आरेतल्या एका पाड्यावरून येणाऱ्या वारली विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, "सर, या मुंबईत आमचा पाडा कुठं येतो?"

मला उत्तर सुचले नाही.

आरेची दुग्ध वसाहत १९४९ सालची. वारल्यांची वस्ती त्याआधीची. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे कुऱ्हाड चालली, ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. शहर हळहळले ते झाडांसाठी. त्या झाडांना नावानिशी ओळखणारी माणसे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात, तीही आली तर.

वारली चित्र मात्र शहराला हवे आहे. लग्नघरी सवासिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा पालघटाचा चौक आता साडीवर, हॉटेलात, स्टेशनाच्या भिंतीवर आहे. त्यातून देवी गेली, लग्न गेले. तारप्याचा फेर तेवढा शोभेला उरला. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली याचा आनंदच आहे. पण शोभेचा वारली आणि शेजारी राहणारा वारली यांची सांगड शहर घालत नाही.

आपण तरी कुठे घालतो? गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण आदराने वाचतो, आणि वारली म्हणजे वेठबिगार, जंगल, डहाणू-तलासरी एवढ्यावर थांबतो. भुजंग मेश्रामांच्या 'उलगुलान'ला आपण 'आदिवासी साहित्य' या खणात ठेवले. महानगरी कवितेच्या चर्चेत त्यांचे नाव किती जण घेतात? रान आदिवासींचे आणि शहर दलितांचे, ही वाटणी कुणा ब्राह्मणी समीक्षकाने केलेली नाही. ती आपल्या परिसंवादांनी केली आहे. मीही त्यांत निबंध वाचले आहेत.

त्या मुलीची जुनी वही मी परत मागवून घेतली. 'माझे शहर' या निबंधात तिने लिहिले होते की, पावसाळ्याच्या तोंडाशी आजी गोरेगाव स्टेशनाबाहेर शेवळं विकायला बसते. मी मराठवाड्याचा. 'शेवळं' या शब्दाखाली माझ्याच हाताची लाल रेघ होती आणि बाजूला 'शेवया?' असे लिहिलेले होते.