नाव, नोंद आणि औचित्य

'पोलिटिकल करेक्टनेस' ही संज्ञा मराठी चर्चाविश्वात १९९० नंतर रुळली ती बव्हंशी उपहासाचा सूर घेऊनच. परदेशी विद्यापीठांतील शब्दांचा सोवळेपणा एवढाच तिचा अर्थ घेतला गेला आणि 'राजकीय औचित्य' हा तिचा मराठी पर्यायही काहीशा थट्टेनेच वापरला गेला. या पर्यायामुळे अभावितपणे एक जुनी संकल्पना मात्र चर्चेत आली. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. त्याच्या विवेचनात औचित्य हे एकट्यादुकट्या शब्दावर अवलंबून नसते. कोणता शब्द कोणाच्या मुखी, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी आला यावरून ते ठरते. ही दृष्टी सार्वजनिक भाषेला लावली तर 'हा शब्द सभ्य आहे काय' या प्रश्नाआधी 'हा शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणाला विचारून योजला' हा प्रश्न विचारावा लागतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने अस्पृश्यवर्गासाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद यांनी त्याला विरोध केला आणि बहुमताने तो मान्य होताच सभात्याग केला. 'हरिजन' हा शब्द शिवीसारखा नव्हता. उलट तो गौरवाच्या हेतूने योजलेला होता. आक्षेप होता तो नाव ठरविण्याच्या अधिकाराविषयी. ज्यांचे नाव ठरत होते त्यांचे मत मतमोजणीत पराभूत होऊ शकत होते, याचाच अर्थ त्या नावाचे औचित्य दुसऱ्याच कोणीतरी ठरविले होते. राजकीय औचित्याच्या मराठी चर्चेचा आरंभ या प्रसंगापासून करणे अधिक न्याय्य ठरेल.

या संदर्भात शब्दांचे दोन व्यवहार वेगळे काढणे उपयुक्त आहे. एक संबोधनाचा आणि दुसरा नोंदीचा. भाषण, वृत्तपत्र, पाठ्यपुस्तक यांत माणसांना आदराने वा अनादराने हाक मारली जाते, तो संबोधनाचा व्यवहार होय. सातबारा, गावठाणाचा नकाशा, जातीचा दाखला, अधिनियमाचे कलम यांत शब्द येतो तेव्हा त्याने हक्क निर्माण होतो किंवा नाकारला जातो. उच्चार हीच कृती असते असे ऑस्टिनने ज्या उक्तींविषयी म्हटले, त्यांचे ठळक रूप या दुसऱ्या व्यवहारात दिसते. लोकमत प्रामुख्याने पहिल्या व्यवहारातून घडते, जीवनमान मात्र दुसऱ्यावर अवलंबून असते. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांच्या आधारे या दोन व्यवहारांतील अंतर तपासता येते.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (१८९५). आधुनिक भारतात शब्द घडविण्याचे आणि जुन्या शब्दांना नवा अर्थ देण्याचे काम विनोबांइतके सातत्याने क्वचितच कोणी केले असेल. १९५१ मध्ये 'भूदान' हा शब्द देताना त्यांना 'दान' म्हणजे सम्यक् विभाजन असा अर्थ अभिप्रेत होता. परंतु लोकव्यवहारात 'दान' या शब्दाने आपला जुना संसार सोडला नाही. देणारा वरच्या आणि घेणारा खालच्या पायरीवर राहिला. त्याच काळात कूळकायद्याने 'कूळ' या नोंदीच्या शब्दाला मालकीपर्यंत नेण्याची वाट खुली केली. भूमिहीन माणूस एका शब्दात याचक होता, तर दुसऱ्यात हक्कदार.

याहून बोधप्रद उदाहरण १९७५ चे आहे. विनोबांचे वर्षभराचे मौन चालू असताना आणीबाणीच्या संदर्भात त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' हे शब्द आले आणि शासकीय प्रचारयंत्रणेने ते भिंतींवर नेले. महाभारतातील एका पर्वाचे नाव, ऋषितुल्य व्यक्तीची मान्यता आणि शिस्तीचा पवित्र ध्वनी या तिहींच्या संयोगाने अटकसत्र आणि वृत्तपत्रनियंत्रण यांना एक सोज्ज्वळ आवरण लाभले. मौन सुटल्यावर विनोबांनी शासन सत्ताधाऱ्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, असा भेद स्पष्ट केला. तोवर शब्द त्यांच्या हाती राहिलेला नव्हता. सत्तेला कठोर शब्दांपेक्षा सभ्य शब्द अधिक सोयीचा असतो, कारण त्याला विरोध करणारा माणूस सभ्यतेलाच विरोध करीत आहे असे भासविता येते.

बाहेरून आलेले प्रत्येक गौरवनाम संशयास्पद मानावे असा मात्र याचा अर्थ नाही. रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मगाव (१९२०). त्यांच्या स्वाध्याय परिवारात मच्छीमारांना 'सागरपुत्र' म्हटले गेले. हे नाव दुसऱ्याने दिलेले असले तरी ते स्वीकारणे वा न स्वीकारणे ऐच्छिक होते. कोणत्याही दाखल्यावर ते लादले गेले नाही. 'हरिजन' या शब्दाला कायद्यात नेण्याचा आग्रह आणि 'सागरपुत्र' हे परिवारातील संबोधन यांत भेद आहे तो नकाराच्या शक्यतेचा.

या भेदाची कसोटी डिसेंबर २०२० च्या एका शासननिर्णयाला लावून पाहता येते. राज्यातील वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे तेव्हा ठरले. हेतू निःसंशय स्तुत्य होता. पत्त्यातूनच जात उघडी पडण्याचा जाच ज्यांनी सोसला आहे त्यांच्या दृष्टीने त्याचे मोल कमी नाही. परंतु बदलावयाच्या नावांची जी उदाहरणे देण्यात आली त्यांत 'महारवाडा' आणि 'बौद्धवाडा' ही दोन्ही नावे शेजारी शेजारी होती. कोकणातील गावागावांत 'बौद्धवाडी' हे नाव आले ते १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. ज्या जिल्ह्यात १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला, तेथे तर या नावामागे पाण्यापासून धर्मापर्यंतचा एक सलग लढा उभा आहे. 'महारवाडा' हे गावाने लादलेले नाव होते, तर 'बौद्धवाडी' हे ते झुगारून स्वतः घेतलेले. दोन्हींना एकाच यादीत 'जातिवाचक' ठरविणारे औचित्य शब्दाचे बाह्यरूप पाहते, त्याचा इतिहास पाहत नाही. अपमान पुसण्याच्या ओघात अपमानाला दिलेले उत्तरही पुसले जाण्याचा धोका तेथे संभवतो.

पेण-रोह्याच्या डोंगरपायथ्याच्या कातकरी वाड्यांकडे वळले की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. खैरापासून कात पाडण्याच्या व्यवसायावरून पडलेले 'कातकरी' हे नाव. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर या जमातीची गणना 'आदिम' म्हणून होत असे. २००६ मध्ये केंद्र शासनाने 'आदिम' हे विशेषण वगळून 'विशेषतः असुरक्षित' असा शब्दप्रयोग स्वीकारला. 'आदिम' या शब्दातील मागासपणाचा शिक्का गेला हे योग्यच झाले. परंतु 'असुरक्षित' या भूतकालवाचक धातुसाधितात कर्ता नाही. कोणी असुरक्षित केले हे सांगण्याची गरज हे विशेषण पडू देत नाही. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जाण्यासाठी पावसाळ्यात घेतलेली उचल, ती फेडताना संपणारा उन्हाळा आणि पुन्हा घ्यावी लागणारी उचल, हे चक्र त्या विशेषणात मावत नाही. 'उचल' या शब्दाऐवजी 'आगाऊ मजुरी' लिहिले की १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाचा विषयच उद्भवत नाही.

याहून निर्णायक शब्द 'गावठाण' हा आहे. रायगडातील अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या असूनही खाजगी मालकीच्या वा वनखात्याच्या जमिनीवर आहेत आणि गावठाण म्हणून त्यांची नोंद नाही. जमिनीचा भाव वाढला की मालकाला कुंपण घालता येते. घरकुल मंजूर झाले तरी ते कोणत्या जागेवर उभारावयाचे हा प्रश्न उरतो. २०२३ मध्ये या जमातींसाठी जाहीर झालेल्या महाअभियानाच्या नावात 'न्याय' हा शब्द आहे. त्या न्यायाची पहिली पायरी जागेच्या कागदावरून जाते. अशा वाडीला 'क्रांतीनगर' म्हटले काय किंवा 'कातकरवाडी' म्हटले काय, महसुली दप्तरात ती अनामिकच राहते. संबोधन बदलण्यास एक परिपत्रक पुरते, नोंद बदलण्यास कोणाच्या तरी मालकीला हात लावावा लागतो. सौजन्याची भाषा जितक्या वेगाने पसरते तितक्या वेगाने हक्काची भाषा पसरत नाही, याचे कारण येथे आहे.

पेणने याच्या उलट उदाहरणही घालून दिले आहे. महामुंबई सेझसाठी भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा 'विशेष आर्थिक क्षेत्र' आणि १८९४ च्या कायद्यातील 'सार्वजनिक प्रयोजन' असे दोन निरुपद्रवी शब्दप्रयोग तिच्या मुळाशी होते. 'विशेष' या विशेषणाला विरोध करणे कठीण आणि 'सार्वजनिक' या विशेषणाला त्याहून कठीण. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील शेती दाखवून 'सार्वजनिक म्हणजे कोण' हा प्रश्न लावून धरला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत शेतकऱ्यांचे मत प्रत्यक्ष मतपत्रिकेवर घेतले गेले आणि बहुसंख्यांनी जमीन देण्यास नकार दिला. वृत्तपत्रांनी याला 'सार्वमत' म्हटले. कायद्यात या मतदानाला स्थान नव्हते, तरीही त्याने एक गोष्ट सिद्ध केली : लोकमत हे केवळ शब्दांनी घडविले जाणारे द्रव्य नसते, विचारले गेले तर ते शब्दाची व्याख्याही बदलू शकते. पुढे हे भूसंपादन तडीस गेले नाही.

राजकीय औचित्याची टिंगल करणाऱ्यांची भूमिका यामुळे बळकट होते असे समजण्याचे कारण नाही. शब्दाने जखम होत नाही असे मानणे हे ज्याला तो शब्द कधी ऐकावा लागला नाही त्यालाच परवडते, आणि जातिवाचक अपमान हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा ठरला तो याच जाणिवेतून. तथापि समीक्षेने शब्दाच्या सभ्यतेपाशी थांबणे तितकेच अपुरे आहे. नाव कोणी दिले, ते नाकारण्याची मुभा आहे काय आणि त्याने नोंदीत काय बदलले, हे तीन प्रश्न प्रत्येक नव्या गौरवशब्दाला विचारले पाहिजेत. 'बौद्धवाडी' पहिल्या दोन प्रश्नांना पुरून उरते. 'विशेषतः असुरक्षित' हा शब्द तिसऱ्यापाशी अडतो. डोंगरपायथ्याची कातकरवाडी मात्र तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत आहे, आणि ते उत्तर शब्दकोशात सापडणारे नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात लिहावे लागेल.