कोरवंजीचा हात आणि तंजावरची ख्रिस्तमंडळी

तंजावरच्या मराठी राजवटीच्या उत्तरकाळात कोरवंजी (तमिळमध्ये कुरवंजी) हा गेय नाट्यप्रकार दरबार, देवालय आणि ख्रिस्तमंडळी या तिन्ही वर्तुळांत वावरत होता. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ मराठीत रचून पदांमधून जगाचा भूगोल सांगितला. शिवकोळुंदु देशिकर यांनी सरफोजींनाच नायक करून ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली. या दोहोंच्या शेजारी वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) यांची ‘बेथलेहेम कुरवंजी’ (१८००) ठेवल्याशिवाय तिचे वेगळेपण ध्यानात येत नाही. शास्त्री आणि सरफोजी हे दोघेही जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे शिष्य होते. एक सिंहासनावर बसला, दुसरा सुवार्तेचा कवी झाला, आणि दोघांनी एकच साचा उचलला.

या साच्याचे संकेत ठरलेले आहेत. नायकाची मिरवणूक निघते, त्याला पाहून कुलीन नायिका विरहाने झुरू लागते, चंदन आणि चांदणे दोन्ही तिला पोळतात. सख्यांचे उपाय थकतात. मग डोंगरातून कुरत्ती येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते, नायिकेचा हात हाती घेते आणि दुखण्याचे नाव व मीलनाचे भाकीत एकाच दमात सांगते. मराठी वाचकाला भारुडातला जोशी किंवा पिंगळा येथे आठवेल. परंतु त्यांचे सांगणे बहुधा उपदेशाच्या अंगाने जाते, तर कुरत्ती रोगनिदान करते. शास्त्रींनी नेमके हेच हेरले. त्यांची नायिका देवमोहिनी ही ख्रिस्तमंडळी आहे, नायक बेथलेहेमचा स्वामी आहे आणि कुरत्ती ही श्रद्धा. तिच्या पारधी पतीच्या जाळ्यालाही सुवार्तेचा अर्थ प्राप्त होतो.

या योजनेचा फार महत्त्वाचा परिणाम असा की, रुग्ण ही एक व्यक्ती उरत नाही. आत्म्याचे आरोग्य म्हटले की आपल्याला एकटा पश्चात्तापदग्ध जीव दिसतो. नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती काव्याला तसे वळणही दिले. शास्त्रींच्या रचनेत मात्र आजारी पडतो तो समुदाय, आणि बरा व्हायचा तोही समुदायच. याच तंजावरात सरफोजींच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत होती, नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या जात होत्या. तेथे प्रत्येक डोळ्याची नोंद वेगळी. शास्त्रींच्या कुरत्तीपुढे मात्र सगळ्यांचा मिळून एकच हात आहे. ही कल्पना मला या काव्याचे खरे बळ वाटते. त्यातील भूगोलाचे तपशील, तत्कालीन ज्ञानाची साक्ष म्हणून मोलाचे असले, तरी आज वाचताना जड जातात.

मग प्रश्न येतो तो त्या एका हाताचा. तंजावरच्या मंडळीत वेल्लाळ आणि परैयर उपासनेच्या वेळी वेगवेगळे बसत. १८२० नंतरच्या नव्या मिशनऱ्यांनी हा भेद मोडू पाहिला, तेव्हा वेल्लाळ कुळातील शास्त्री त्यांच्या विरोधात उभे राहिले. जात हा लौकिक आचार आहे, धर्माशी तिचा संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चार जुलमांची तक्रार मांडली : तमिळ शास्त्रग्रंथाच्या भाषांतरात फेरफार, जातींना बळाने एकत्र बसविणे, मंगलप्रसंगी फुलांना मनाई आणि उपासनेतून तमिळ गीतांची हकालपट्टी. यातील भाषा, फुले आणि गीत यांविषयीचे त्यांचे दुःख आजच्या वाचकाला सहज पटते; परक्या चालीरीतींच्या आग्रहापायी मंडळीची वाचाच खुंटेल, हे त्यांना कळले होते. पण त्याच यादीत, त्याच तळमळीने, बसण्याच्या जागेचा भेदही येतो. गीत वाचवणे आणि भेद वाचवणे ही त्यांना दोन वेगळी कामे वाटलीच नाहीत. मिशनच्या सेवेतून त्यांना बाजूला व्हावे लागले, आणि आश्रय दिला तो सरफोजींनीच. पुढे १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरचे अनेक जण बाहेर पडले.

काव्य आणि तक्रार एकत्र वाचली की कुरत्तीचे पात्रच समीक्षेचा विषय होते. भटक्या, डोंगरी जमातीची ही बाई कुलीन नायिकेचा हात धरते. साऱ्या कोरवंजी वाङ्मयात हा स्पर्श विनासायास घडतो आणि त्यावाचून निदान होत नाही. शास्त्रींनी तिला श्रद्धेचे रूपक केले तेव्हा तिची टोपली, तिची बोली, तिची ऐट राहिली. तिची जात मात्र विरघळली. स्पर्श करणारी ही आता कुरत्ती नव्हे, श्रद्धा आहे, असे म्हटले की कवीला आपल्याच दृश्याचा सामाजिक अर्थ टाळता येतो. रूपककाव्याची ही सोय आहे. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात प्रवेश होता. समुदायाची वेस कोठे घालायची, हा प्रश्न त्यांनी रूपकावर न सोडता व्यवहारात घेतला. दोन वर्षांतच टिळक वारले, म्हणून त्या प्रयोगाची पुरती पारख झाली नाही.

शास्त्रींची पदे तमिळ प्रॉटेस्टंट उपासनेत आजही गायिली जातात. ज्यांनी वेगळे बसावे असा त्यांचा आग्रह होता, त्या घराण्यांतले लोकही ती गातात.