पटाचारा थेरींची वात

थेरीगाथेचे वाचन आपल्याकडे बहुधा चरित्रांच्या अंगाने होते. खुद्दकनिकायातील या नवव्या ग्रंथात ७३ काव्ये असून पालि टेक्स्ट सोसायटीच्या क्रमांकनानुसार ५२२ गाथा आहेत; परंतु श्रोत्यांपर्यंत पोहोचतात त्या मुख्यतः आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेतील कथा. पटाचारा थेरींचेच उदाहरण घ्यावे. पती सर्पदंशाने गेला, एक बालक ससाण्याने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले आणि श्रावस्तीला पोहोचण्यापूर्वीच आईवडील व भाऊ घर कोसळून मरण पावल्याची वार्ता आली. ही कथा ऐकून कोणाचेही मन हेलावेल. तथापि त्यांच्या नावावरील पाच गाथांत (११२ ते ११६) यांपैकी एकाही मृत्यूचा उल्लेख नाही, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तेथे आहेत नांगर, बी, पाय धुण्याचे पाणी, दिवा, अंथरूण, मंचक आणि एक सुई.

या गाथांचा आरंभ तक्रारीने होतो. माणसे शेत नांगरतात, बी पेरतात, बायकामुले पोसतात आणि धनही मिळवतात. मग शील पाळणाऱ्या, शास्त्याचे अनुशासन आचरणाऱ्या, आळस वा गर्व नसणाऱ्या मला निब्बान का लाभू नये? श्रमाचे फळ मागणाऱ्या शेतकऱ्याचाच हा प्रश्न आहे. त्याला उत्तर येत नाही. येते ती पाय धुण्याची कृती. उंचावरून सखल भागाकडे वाहत जाणारे पाणी त्या पाहतात आणि जातिवंत घोड्याला आवरावे तसे चित्त एकाग्र करतात. पुढे दिवा घेऊन विहारातील खोलीत शिरणे, अंथरूण निरखणे, मंचकावर बसणे. नंतर सुईने वात खाली ओढली जाते, दिवा निमतो आणि चित्ताची विमुक्ती घडते.

अंथरूण निरखण्याचा हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काव्याच्या दृष्टीने तो अनावश्यक आहे. त्यात उपमा नाही, बोध नाही. निजण्यापूर्वी कोणीही अंथरुणाकडे पाहते, तसे त्यांनी पाहिले. तरीही तो गाळला तर पाण्यापासून दिव्यापर्यंतची वाट तुटते, कारण एकाग्र झालेले चित्त ध्यानासाठी वेगळे काढून ठेवलेले नाही. तेच चित्त अंथरूण पाहत आहे. सतिपट्ठान सुत्तात जाण्यायेण्यात, हात आखडण्यापसरण्यात, खाण्यापिण्यात जे संपजञ्ञ अपेक्षिले आहे, ते येथे उपदेश न होता वर्तन झालेले दिसते.

अट्ठकथेने मात्र पाण्याला अर्थ चिकटविला. पाणी तीनदा ओतले. पहिले थोड्या अंतरावर जिरले, दुसरे त्याहून पुढे, तिसरे आणखी पुढे. तद्वत प्राणी बालवयात, मध्यम वयात आणि वार्धक्यात मरतात. दृष्टान्त सुंदर आहे, आणि मुले गमावलेल्या मातेच्या संदर्भात तो काळजाला भिडतो, हे मान्य केले पाहिजे. पण गाथेत तीन धारा नाहीत. गाथा केवळ पाण्याचे वाहणे सांगते आणि थांबते. भाष्यकाराला हे थांबणे सोसले नाही, असे म्हटल्यास त्यांचा अनादर होऊ नये. अर्थ उलगडणे हेच त्यांचे काम होते. वाचकाने मात्र प्रथम गाथा वाचावी.

हा आग्रह धरण्याचे कारण आजचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये तणावमुक्तीसाठी स्मृतिसाधनेचा उपक्रम सुरू केला. दुखण्याने गांजलेल्या अनेकांना अशा साधनेतून आराम मिळाला, हे लहान कार्य नव्हे. परंतु त्यानंतर ‘वर्तमान क्षणात जगा, लहानसहान गोष्टींत आनंद माना’ असे जे सुभाषित जगभर फिरू लागले, त्याला सर्रास बुद्धवचनाचे रूप दिले जाते. मज्झिमनिकायातील १३१ वे भद्देकरत्त सुत्त त्यासाठी पुढे केले जाते. भूतकाळामागे धावू नये, भविष्याची आस धरू नये, हे त्या सुत्तात निश्चितच आहे. पण वर्तमानाचे काय करावे, याविषयी तेथील क्रियापद ‘विपस्सति’ हे आहे. आस्वाद घ्या असे नव्हे, यथार्थ पाहा असे ते सांगते. आणि लगोलग आजच उद्योग करण्याची निकड येते, कारण उद्या मरण नाही याची शाश्वती कोणाला?

आनंद माना हा उपदेश कोणाला केला जातो, हेही पाहावे. चुलीपुढे राबणाऱ्या स्त्रीस भाकरी भाजण्यात सुख शोध म्हणणे सोपे आहे. थेरीगाथेतील स्त्रिया तसे म्हणत नाहीत. मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबड्या नवरा या तीन वाकड्या गोष्टींपासून सुटल्याचा हर्ष व्यक्त करतात. सुमंगलमाता तर मुसळाबरोबर निर्लज्ज नवऱ्याचाही उल्लेख करतात. ग्रंथातील पहिल्याच गाथेत भांड्यात सुकून गेलेल्या भाजीची उपमा आहे. अट्ठकथा सांगते की चुलीवर भाजी करपताना पाहून त्या स्त्रीला अनित्यतेचा बोध झाला आणि तिने पतीकडे प्रव्रज्येची अनुमती मागितली. स्वयंपाकघरातला तो क्षण तिने पुरेपूर पाहिला, आणि पाहिला म्हणूनच ती तेथे राहिली नाही.

पुण्णिका थेरींच्या सोळा गाथा (२३६ ते २५१) याच दृष्टीने वाचाव्यात. मालकिणीच्या शिक्षेच्या व बोलण्याच्या भयाने थंडीतही पाण्यात उतरणारी ही पाणी भरणारी दासी. नदीस्नानाने पाप धुतले जाते असे मानून कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की असे असेल तर बेडूक, कासवे आणि मगरीही स्वर्गास जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल. हा युक्तिवाद तिला कोणत्याही पाठशाळेत मिळालेला नाही. रोज ज्या पाण्यात पाय ठेवावा लागला, ते पाणी काय करते आणि काय करीत नाही, हे तिने नीट पाहिले होते. पावित्र्याच्या कल्पनेवर इतका नेमका प्रहार पाली साहित्यात क्वचितच आढळतो, आणि तो एका घागरवालीच्या तोंडी आहे.

पटाचारा थेरींच्या शेवटच्या गाथेत शब्दांची एक योजना अभ्यासनीय आहे. ‘निब्बान’ हा शब्द तेथे दिव्यासाठी वापरला आहे; चित्तासाठी ‘विमोक्ख’ हा वेगळा शब्द आहे. आरंभी ज्या निब्बानाची मागणी केली, ते शेवटी एका पणतीच्या निमण्यात दिसते. दिवा फुंकरीने विझविलेला नाही, हेही लक्षात घ्यावे. अट्ठकथेच्या स्पष्टीकरणानुसार सुईने वात तेलाकडे ओढली. ज्याच्या घरी तेलाचा दिवा जळत असे, त्याला ही रीत सांगावी लागणार नाही: ज्योत तेलात बुडून शांत होते, आणि तेल उद्यासाठी उरते.