साठ हजारांची पुडी आणि ओलं सरपण

केममध्ये उन्हाची टंचाई आहे असं म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. तरी ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटांची पुडी इथेही घेतली जाते. रक्तात कमतरता असेल, हाडं दुखत असतील, तर डॉक्टरांच्या सांगण्याने घ्यावी. त्यावर वाद नाही. आमचा आक्षेप पुढच्या वाक्यावर आहे : 'ड वाढलं की इन्सुलिन नीट लागू पडतं, साखर उतरते.'

हे वाक्य आलं कुठून? ज्यांचं ड कमी, त्यांच्यात इन्सुलिनला न जुमानणारी शरीरं जास्त, हे पुष्कळदा दिसलेलं आहे. पण दिसणं म्हणजे व्याप्ती नव्हे. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे नैयायिकांनी खोडलं ते तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवून : अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं, ती उपाधी. इथलं ओलं सरपण म्हणजे पोटाची चरबी. ड चरबीत विरघळतं, म्हणून स्थूल माणसाच्या रक्तात ते कमी भरतं; आणि तीच चरबी इन्सुलिनला बोथट करते. आणि सडपातळ दिसणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. आपल्याकडे बारीक अंगातही चरबी असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय. (त्या केईएमचा आपल्या केमशी संबंध नाही, तो एडवर्ड राजा.)

उपाधी वेगळी काढायची तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. अमेरिकेत ते झालं, 2019 साली निकाल आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 2,423 लोक. निम्म्यांना रोज 4,000 युनिटं, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे अडीच वर्षांत मधुमेह झाला अनुक्रमे 293 आणि 323 जणांना. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

'झालं, खोटं ठरलं!' असं म्हणणारेही घाई करतात. त्या लोकांपैकी बहुतेकांना ड कमी नव्हतंच. भरल्या रांजणात पाणी ओतून तहान भागते का, हे कसं कळणार? ऑकलंडमध्ये ड कमी असलेल्या दक्षिण आशियाई बायकांना सहा महिने तेवढीच मात्रा दिली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. पण बायका शंभरसुद्धा नव्हत्या, आणि मधुमेह टळला की नाही, हे त्यात मोजलेलंच नाही.

तेव्हा ड कमी असलेल्याला थोडा फायदा संभवतो, भरलेल्याला नाही, इतकंच आज म्हणता येतं. पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे. अति झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. आणि तिच्या भरवशावर साखरेची गोळी बंद करायची नाही.