सवाल चालतो, जवाब खटकतो

तीन मिनिटांच्या एका गाण्यात तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय शोधावं, असं कुणी विचारील. आम्ही म्हणतो, 'दोष कुणाचा?' हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न या गाण्यात जितका उघडा दिसतो, तितका जाड ग्रंथांतही दिसत नाही.

साल १९५२, अमेरिका. कंट्री संगीतात हँक थॉम्पसनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' गाजत होतं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते १५ आठवडे पहिलं होतं. आशय काय? बायको संसार टाकून हॉन्की टॉन्ककडे, म्हणजे दारू, नाच आणि ज्यूकबॉक्सच्या गुत्त्याकडे परत गेली. अशा बायका देवानेच घडवल्या, हे आपल्या आधी कळायला हवं होतं, अशी नवऱ्याची तक्रार.

याला जे. डी. मिलर यांनी उत्तर लिहिलं. नावातच खंडन आहे : 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स'. देवाने नव्हे, लग्न झालेले असून सडेफटिंगासारखे वागणारे पुरुष याला कारण आहेत. गायली किटी वेल्स. वय ३२, तीन मुलांची आई, गाणं सोडून घरी बसायच्या विचारात. ध्वनिमुद्रणाचे १२५ डॉलर मिळतील, एवढ्यासाठी तयार झालेली.

आता चाल बघा. दोन्ही गाण्यांची चाल एकच! हीच चाल कार्टर फॅमिलीच्या १९२९ च्या एका विरहगीतात होती, आणि रॉय एकफने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका भक्तिगीतातही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्द कुठे फिरले याकडे जातं. वेल्सचा आवाजही सरळ, थोडा नाकातला. ती चिडत नाही, रडत नाही. साक्षीदाराने जबानी द्यावी तसं गाते. आमच्या मते गाण्याचा खरा जोर तिथे आहे.

स्वागत कसं झालं? एनबीसी रेडिओने बंदी घातली. ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावरही सुरुवातीला मज्जाव झाला. म्हणजे गंमत पहा : गुत्ता तोच, परपुरुष तोच, दारू तीच. आरोप करणारं गाणं चालतं, उत्तर देणारं अश्लील ठरतं! तेव्हा आक्षेप विषयाला नव्हता. बोलणारी कोण, याला होता. लोकांनी मात्र तबकडी विकत घेतली. गाणं सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या गायिकेला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

बरं, एवढ्यावर टाळ्या वाजवून आपण उठायचं का? नाही. नावातलं क्रियापद तपासू. 'घडवलं'. थॉम्पसन म्हणतो, देवाने घडवलं. वेल्स म्हणते, देवाने नाही, पुरुषांनी. कर्ता बदलला, कर्म तेच राहिलं. बाई दोन्हीकडे घडवलेलीच! ती घर सोडून गेली ते स्वतः ठरवून गेली असेल, तिला तिथलं संगीत आवडत असेल, ही शक्यता दोन्ही गाण्यांना सुचत नाही. 'ती बिघडली' हा निकाल वेल्सचं गाणंही मान्य करतं. ते फक्त शिक्षेची वाटणी नव्याने मागतं.

मग गाणं कमी दर्जाचं ठरतं का? आम्हाला तसं वाटत नाही. पोरखेळ न करता एवढंच सांगू : ज्याला बोलूच दिलं जात नाही, त्याचं पहिलं वाक्य बहुधा समोरच्याच्याच शब्दांत असतं. आधी 'मी नाही' म्हणावं लागतं, 'मी' नंतर येतो. हा 'मी' पुढे लॉरेटा लिनच्या १९७५ च्या 'द पिल'मध्ये ऐकू येतो. त्यात गर्भनिरोधक गोळी घेणारी बाई स्वतःच कर्ता आहे. तेही गाणं अनेक रेडिओ केंद्रांनी वाजवलं नाही. अडवणारे थकले नव्हते. पण गाणाऱ्या बाईचं व्याकरण बदललं होतं.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, मंडळी. आधी सवाल, मग जवाब. आणि ऐकताना कर्ता कोण, तेवढं विचारत राहा.