रेडक्लोकचा नकार

रिच बर्ल्यू या अमेरिकन चित्रकथाकाराची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ 2003 पासून इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होत आली. काड्यांच्या हातापायांची माणसे, खेळातले नियम, त्यांवरचे विनोद, असा तिचा आरंभीचा थाट. आम्ही तिकडे वळलो नसतो. परंतु नवा भाग निघताच तरुण वाचक रेडक्लोक या गॉब्लिन पुरोहितावरून ज्या हिरिरीने भांडतात, त्याने कुतूहल चाळवले.

कोवळ्या वयात त्याचे गाव धर्मयोद्ध्यांनी उद्ध्वस्त केले, आप्त मारले. त्याच्या कैवाऱ्यांचा सारा भर यावर असतो, आणि तो खोटा नव्हे. मात्र 2007 च्या ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ या पूर्वकथेत तो धाकट्या भावालाच ठार करतो, तेही झायकॉन या दुष्ट मांत्रिकाला वाचवण्यासाठी! पुढे ड्युरकॉन हा खुजा पुरोहित समेट घेऊन येतो. गॉब्लिनांना न्याय मिळण्याची वाट त्यात आहे. रेडक्लोक ती झिडकारतो. समेट शक्य होता असे मानले, तर भाऊ विनाकारण मेला हे कबूल करावे लागेल.

वाचक ‘तो चांगला की वाईट’ यातच घोटाळतात, ही आमची तक्रार. कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूला ही अवस्था अपरिचित नाही: माणसाला चूक दिसते, तिची किंमत पाहवत नाही. कथेत रेडक्लोकचा एक डोळा फुटतो, आणि झायकॉन तो बरा करू देत नाही. मारलेल्या भावालाही एकच डोळा होता. काड्यांच्या चित्रात एवढे मावेल, असे आम्हांस वाटले नव्हते.