'कौण्डिन्य' नौका आणि तिची प्रमाणे : एक परीक्षण

प्राचीन भारतीयांच्या नौकाविद्येचा वाद बहुतांशी कागदावरच चालत आला. भारतीय नौदलाच्या 'कौण्डिन्य' नौकेने तो पाण्यात उतरविला, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे. जुलै 2023 मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल व गोव्याची होडी इनोव्हेशन्स या तिघांमध्ये करार झाला. केरळचे नौकाशिल्पी बाबू शंकरन् यांच्या देखरेखीखाली लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने फळ्या शिवून ही नौका तयार झाली. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली, आणि 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी 2026 मध्ये ती मस्कतला पोहोचली. शिवलेली नौका समुद्र ओलांडू शकते, एवढे यावरून सिद्ध झाले. परंतु ती पाचव्या शतकातील नौकेची यथातथ्य प्रतिमा आहे काय, हा प्रश्न निराळा आहे, व संशोधकांस तोच महत्त्वाचा होय.

या नौकेचा मूळ आधार म्हणजे अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील चित्र. वाकाटककालीन चित्रकाराने पूर्णावदानातील समुद्रप्रवास रंगविताना तीन डोलकाठ्या, शिडे, वल्ही, नाळेवरील डोळा व ओळीने मांडलेले रांजण दाखविले. पण त्याला कथा सांगावयाची होती, सुतारास मापे द्यावयाची नव्हती. चित्र हे आकाराचे प्रमाण आहे, बांधणीचे नव्हे. फळी किती जाड, आतील बाक किती अंतरावर, तळ किती खोल, यांपैकी काहीही त्यात नाही. ही उणीव कारागिरांच्या परंपरागत ज्ञानाने व मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झालेल्या प्रतिकृतीच्या जलपरीक्षेने भरून काढावी लागली. हा दोष नव्हे. मात्र अशी भर कोठे घातली, हे दिसले पाहिजे.

दुसरा आधार ग्रंथाचा. राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 च्या आपल्या ग्रंथात भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु'च्या हस्तलिखितातून नौकांचे प्रकार दिले. पुढे 1917 मध्ये कलकत्त्यास तो ग्रंथ छापला गेला. तेव्हापासून जुन्या नौकेचा विषय निघताच त्या श्लोकांकडे बोट दाखविण्याची रीत पडली आहे. परंतु त्या मापांची छाननी क्वचितच कोणी करतो. सामान्य नौकांच्या दहा प्रकारांत 'क्षुद्रा' वगळता रुंदी लांबीच्या निम्मी आहे; 'मन्थरा' तर 120 हात लांब, 60 हात रुंद व तितकीच उंच. ही नौका म्हणावी की कोठार? उलट दीर्घा वर्गातील 'दीर्घिका' 32 हात लांब व अवघी 4 हात रुंद. प्रत्यक्ष समुद्रावर गेलेली 'कौण्डिन्य' सुमारे 19.6 मीटर लांब व 6.5 मीटर रुंद, म्हणजे तिचे प्रमाण तिनास एक. ते यांपैकी कोणत्याच सूत्रात बसत नाही. शिवाय 'दीर्घा' हे नाव सामान्य वर्गात एका नौकेचे आहे व पुन्हा एका सबंध वर्गाचेही. 'मन्थरा' दोन याद्यांत येते. आमच्या मते ही गणिताने वाढविलेली शास्त्रकाराची सारणी आहे, सुताराची टिपणवही नव्हे.

समुद्रातील लोहचुंबकाच्या भयाने नौकेस लोखंड लावू नये, हे त्याच ग्रंथाचे वचनही असेच पारखून घ्यावे. दोराने फळ्या बांधण्याची रीत खरी. कारण मात्र लोककथेचे. सहाव्या शतकातील ग्रीक इतिहासकार प्रोकोपियसने हीच चुंबकाची कथा ऐकून ती अमान्य केली आणि हिंदी लोकांपाशी लोखंड नाही, असे दुसरे कारण दिले. तेही टिकत नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे महापाषाणकालीन लोखंडाची भट्टी सापडली आहे. म्हणजे पूर्वेकडील ग्रंथकार व पश्चिमेकडील इतिहासकार या दोघांनीही खरी गोष्ट ऐकली आणि तिला खोटे कारण जोडले.

या क्षेत्रात जन्म घालविणाऱ्या विद्वानाचा आदर्श म्हणून केंब्रिजचे ग्रीक पंडित जॉन मॉरिसन यांचे नाव घ्यावे. त्यांच्या ग्रंथाभ्यासातून व नौकाशिल्पी जॉन कोट्स यांच्या आराखड्यांतून 'ऑलिम्पियास' ही त्रिस्तरी वल्ह्यांची युद्धनौका 1987 मध्ये ग्रीक नौदलात आली. वल्हेकऱ्यांमधील दोन हातांचे अंतर 0.888 मीटर धरले होते. ते अपुरे पडते, हे समुद्रावर कळले. पुढे मोठ्या हाताचा पुरावा मिळून ते 0.98 मीटर असावे, असे ठरले. हाताच्या मापातील चार-पाच सेंटिमीटरांच्या फरकाने नौकेचा वेग बदलतो! चूक उघड करून दाखविणे, हाच अशा पुनर्निर्मितीचा खरा उपयोग होय.

म्हणून आमची मागणी अशी की, 'कौण्डिन्य'चा कोणता भाग चित्रावरून, कोणता ग्रंथावरून, कोणता कारागिराच्या हातावरून व कोणता आधुनिक गणितावरून घेतला, याचे सविस्तर टिपण प्रसिद्ध व्हावे. तसे न झाल्यास उद्या कोणी या नौकेवरून अजिंठ्याच्या चित्राचा अर्थ लावील आणि चित्रावरून नौका खरी ठरवील; न्यायशास्त्रात यालाच अन्योन्याश्रय म्हणतात.

भंडारा जिल्हा समुद्रापासून दूर आहे खरा. पण पवनीजवळून वाहणारी वैनगंगा प्राणहितेस व पुढे गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जाते. 1969-70 च्या उत्खननात ज्या पवनीचा बौद्ध स्तूप उजेडात आला, तिच्या काठाला नावेची वाट नवीन नव्हे. ढिवरांचे जे लाकडी डोंगे अजून सापडतील, त्यांची मापे, लाकूड व सांधे टिपून ठेवावेत. मोडी दप्तरांत नावाड्यांच्या व उतारांच्या नोंदी असल्यास त्या बाजूस काढाव्यात. एका डोंग्याचे बिनचूक माप आम्हांस 'मन्थरे'च्या 120 हातांहून अधिक मोलाचे वाटते.